चुन्याच्या घाणीपासून सिमेंटच्या गोणीपर्यंत

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका अगदी साध्या गोष्टीविषयी. घराच्या फाटकापासून ओट्यापर्यंत जी वाट असते, जिच्यावरून पूर्वी बैलगाडी यायची आणि आता मोटार किंवा टेंपो येतो, त्या वाटेविषयी. इतिहासाच्या माणसाने अशा विषयात कशाला पडावे, असे तुम्ही म्हणाल. पण इतिहास काय फक्त तहांचा आणि लढायांचा असतो? माणसाने दगडाला दगड कशाने जोडला आणि तो सांधा किती काळ टिकला, हाही इतिहासच आहे. आणि वसई तालुक्यात तर तो डोळ्यांसमोर उभा आहे.

सातिवलीचेच पाहा. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेला रेल्वेमार्ग, आणि त्याच्या पलीकडे खाजणे, मिठागरे व समुद्र. काल-परवापर्यंत भाताची खेती असलेले हे गाव. आज येथे कारखान्यांचे गाळे आहेत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला, आणि शेणाने सारवलेल्या अंगणांच्या जागी काँक्रीटची अंगणे आली. हे काँक्रीट घालताना घरचा कर्ता पुरुष बऱ्याचदा वर्षभराची शिल्लक खर्ची घालतो. मग चार पावसाळ्यांत त्याला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात आणि कडा ढासळतात. मग तो वसईच्या किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘चारशे वर्षांचा तट उभा आहे, आणि आमचे अंगण चार वर्षांत गेले. जुने ते सोने!’

हे म्हणणे कितपत खरे आहे, ते तपासून पाहू.

वसई पोर्तुगीजांच्या हाती आली ती डिसेंबर १५३४ मध्ये. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून ती त्यांना दिली. पुढे त्यांनी तेथे दगडी तट बांधला, आत चर्चे, मठ व वाडे उभारले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला घेतला तेव्हा मराठ्यांना तटबुरुजांखाली सुरुंग उडवून खिंडारे पाडावी लागली. एवढा तो तट भक्कम होता.

हा तट दगड आणि चुना यांचा आहे. त्यात लोखंडी सळई नाही, हे लक्षात ठेवा. पुढे याचे काम पडणार आहे. किनाऱ्यावर चुना करण्याची रीत आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. चुनखडी नसेल तेथे शिंपले आणि कालवांची कवचे भट्टीत भाजायची, मग ती विरवायची, आणि रेती किंवा विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून घाणीत मळायची. चुन्याची घाणी तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक, आणि ते ओढणारा बैल किंवा रेडा. कोणी त्यात गुळाचे पाणी घालत, कोणी बेलफळाचा किंवा हिरड्याचा काढा. असा चुना हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगड बनतो. याला महिने लागतात, जाड भिंतीत वर्षेही लागतात. घाई नसलेल्या काळाचे ते काम होते.

पण साऱ्याच जुन्या गवंड्यांनी एकच उपाय योजला असे नाही. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याचे मोठमोठे चिरे चुन्यावाचून नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. मालवणच्या सिंधुदुर्गाचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरू केले; त्याच्या पायात शिसे ओतल्याचे सांगतात. एकाने सांधा मोकळा ठेवला, दुसऱ्याने धातूने भरला. समुद्र पाहून, जागा पाहून, त्यांनी निर्णय घेतला. नक्कल केली नाही.

आता ‘जुने ते सोने’ या म्हणण्याकडे येऊ. आपण उभे असलेले तट पाहतो. जे पडले ते आपल्याला दिसतच नाहीत. पडलेल्या भिंतींचे दगड लोकांनी विहिरींना आणि बांधांना कधीच वापरून टाकले. म्हणजे जुने सारेच टिकाऊ होते असे नव्हे. जे टिकाऊ होते तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचले आहे. म्हणून विचारायचे ते असे : जे टिकले ते का टिकले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडे देशाबाहेर जाऊन येऊ. साध्या चुन्याची एक मोठी अडचण होती. तो पाण्याखाली घट्ट होत नसे. रोमन लोकांना यावर तोड सापडली. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो पाण्यातही दगडासारखा होई. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने हे लिहून ठेवले आहे. राजा हेरॉडने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर कैसरिया हे बंदर बांधले, तेही याच मालाने. दोन हजार वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या अशा रोमन धक्क्यांचे तुकडे शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा २०१७ साली असे प्रसिद्ध झाले की समुद्राचे पाणी आत झिरपून त्यात नवी खनिजे तयार झाली आणि त्यांनी तो माल उलट बळकट केला. आपली सुरखी ही त्याच राखेची चुलत बहीण म्हणावयास हरकत नाही.

पुढे १७५६ साली इंग्लंडच्या एडिस्टन खडकावर दीपगृह बांधण्याचे काम जॉन स्मीटनकडे आले. त्याने निरनिराळ्या ठिकाणचे चुने पाण्यात घालून पाहिले, आणि ज्या चुनखडीत चिकणमाती असते तिचाच चुना पाण्याखाली धरतो, हे त्याने ताडले. १७५९ मध्ये दीपगृह पुरे झाले. या शोधाच्या वाटेवरूनच पुढे १८२४ साली लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून दळली की हे सिमेंट होते. चुन्याला जे महिन्यांचे काम, ते सिमेंट काही दिवसांत करू लागले.

यानंतर आला एक माळी. हो, वसईच्या वाडीवाल्यांना ऐकून आनंद वाटेल, की लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या जनकांमध्ये एका बागवानाचे नाव आहे. फ्रान्सच्या जोसेफ मोनिएला झाडे लावायला न फुटणाऱ्या कुंड्या हव्या होत्या. त्याने सिमेंटच्या कुंडीत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. काँक्रीट दाबाला खंबीर, पण ताणाला लेचेपेचे. लोखंड ताणाला खंबीर. दोघांची सोयरीक झाली आणि घरे, पूल, पाण्याच्या टाक्या यांचे नवे युग सुरू झाले. पण या सोयरिकीतच खाऱ्या हवेत घात करणारी एक गोष्ट होती. ती पुढे सांगतो.

आपल्या देशात सिमेंट करण्याचा पहिला प्रयत्न १९०४ साली मद्रासेत झाला. तो फार चालला नाही. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्याने खरी सुरुवात करून दिली. १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. स्थापन झाली. त्याच सुमारास मुंबईत समुद्र हटवून मरीन ड्राइव्हचा रस्ता तयार होत होता. या कामाच्या कंत्राटदारांत आपल्या रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर होते. १९४० च्या सुमारास झालेला हा काँक्रीटचा रस्ता समुद्राच्या अगदी काठावर, लाटांचे तुषार झेलत, अनेक दशके वाहने वाहत राहिला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील बेलफाँटेन या लहान गावात १८९१ साली जॉर्ज बार्थोलोम्यूने काँक्रीटचा रस्ता घातला. त्या काळच्या कामाचा काही भाग अजूनही जपलेला आहे.

आणि आता दुसरी बाजू. गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० च्या सुमारास मोठा पूल झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. पंधरा-सोळा वर्षे म्हणजे पुलाच्या आयुष्यात बालपणच. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजून गेल्या होत्या. ठाण्याच्या खाडीवर मानखुर्द आणि वाशी यांना जोडणारा पहिला पूल १९७३ साली सुरू झाला; त्यालाही तारांच्या गंजाने ग्रासले, आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. तो १९९७ साली पुरा झाला. आपल्या शेजारचा, वसईच्या खाडीवरचा घोडबंदरचा जुना पूलही दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा बंद ठेवावा लागे, आणि सातिवलीहून मुंबईला माल नेणाऱ्यांचे किती हाल होत ते तुम्हीच जाणता. त्या पुलाचे सारे दुखणे खाऱ्या हवेचेच होते असे नव्हे. वाहनांचा भारही फार वाढला होता. २०२३ साली तेथे नवा पूल सुरू झाला.

मग असे का व्हावे? मरीन ड्राइव्हचा रस्ता टिकतो, आणि मोठमोठ्या अभियंत्यांनी बांधलेला पूल पडतो?

मिठागरांच्या मुलखातल्या माणसाला मीठ लोखंडाचे काय करते हे सांगायला नको. विहिरीवरचा पंप, खिडकीचे गज, सायकल, सारे तो पाहतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाऱ्याबरोबर हे क्षार आत येतात. काँक्रीट दिसायला भरीव, पण त्यात केसाहून बारीक अशी असंख्य छिद्रे असतात. चांगल्या काँक्रीटच्या पोटातली अल्कता लोखंडावर एक अदृश्य संरक्षक कवच धरून ठेवते. मिठातला क्लोराइड छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचला की हे कवच मोडते आणि गंज चढू लागतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती त्याला मिळत नाही, तेव्हा तो काँक्रीट फोडतो. भेग पडली की आणखी पाणी, आणखी मीठ, आणखी गंज.

आता उलगडा झाला ना? वसईच्या तटात सळई नाही. गंजायलाच काही नाही. घरापुढच्या वाटेलाही बहुधा सळईची गरज नसते. खालची जमीन घट्ट असेल तर साध्या काँक्रीटची लादी मोटारीचा भार सहज पेलते. म्हणजे टिकाऊपणा महागड्या मालात नाही, तो पाच-सहा जुन्या शिस्तींत आहे. त्या आता एकेक सांगतो.

पहिली शिस्त जमिनीची. आपल्याकडे सखल भातखाचरे आणि खाजणे भराव घालून उंच करतात. ताजा भराव एक पावसाळा तरी बसू द्यावा. मग मऊ माती काढून मुरूम आणि खडी यांचे थर घालावेत, प्रत्येक थरावर पाणी शिंपून धुमसाने किंवा रोलरने दाबावे. लादी तुटते ती बहुतेक वेळा खालून तुटते.

दुसरी शिस्त रेतीची आणि पाण्याची. खाडीची खारी रेती न धुता वापरू नये. खाऱ्या विहिरीचे पाणीही नको, कालवायला नको आणि वरून मारायलाही नको. समुद्राचे पाणी काँक्रीटमध्ये वापरू नये असे भारतीय मानकही सांगते. आणि आजोबांच्या चुन्यात गूळ चालत होता म्हणून सिमेंटमध्ये गूळ-साखर जाऊ देऊ नका. थोडी साखरही सिमेंटचे घट्ट होणे फार लांबवते. चुन्याची रीत चुन्याला, सिमेंटची सिमेंटला.

तिसरी शिस्त, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, पाण्याच्या मापाची. माल पातळ असला की बिगाऱ्याला ओढायला सोपा जातो, म्हणून तो घमेल्यावर घमेली पाणी ओततो. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. मीठ त्याच वाटेने आत येते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे किनारी हवेतल्या सळईच्या काँक्रीटला सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून अधिक पाणी चालत नाही. म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, आणि त्यातही ओल्या रेतीतले पाणी मोजायचे. तयार काँक्रीटची गाडी मागवणार असाल तर एम-३० दर्जाचे मागवा, आणि ती दारात आल्यावर तिच्यात नळी सोडू देऊ नका. सिमेंट घेताना राखेचे किंवा भट्टीच्या मळीचे मिश्र सिमेंट घ्यावे. त्याची छिद्रे अधिक बारीक असतात, मीठ सावकाश शिरते. रोमन राखेचीच ही आजची आवृत्ती म्हणा ना.

चौथी शिस्त जाडीची आणि सांध्यांची. मोटारीला पाच इंच, टेंपो येणार असेल तर सहा इंच जाडी ठेवावी. काँक्रीट सुकताना आक्रसते आणि त्याला भेग पडतेच. ती आपण सांगू तेथे पडावी म्हणून साधारण दर दहा फुटांवर जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी खोल रेघ कापावी, आणि हे काम दुसऱ्या दिवसापर्यंत लांबवू नये. घराच्या भिंतीला लादी चिकटवू नये, मध्ये सांधा सोडावा. पाणी घराकडून बाहेर जावे म्हणून दहा फुटांना अडीच इंच उतार ठेवावा.

पाचवी शिस्त पृष्ठभागाची. वर पाणी सुटले की कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने गुळगुळीत करायची गवंड्यांना सवय असते. याने वर नाजूक पापुद्रा होतो आणि तोच पुढे सुटतो. वरचे पाणी आपोआप जाऊ द्यावे, मग खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात. श्रावणात शेवाळ धरल्यावर घरातली म्हातारी माणसे घसरून पडणार नाहीत.

सहावी शिस्त धीराची. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ या कामाला बरा. दुसऱ्या दिवसापासून मातीचे बांध घालून वाफे करावेत आणि त्यांत गोडे पाणी तुंबवावे, किंवा ओली गोणपाटे पसरावीत. मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, जमल्यास १४ दिवस. वाफे राखायला शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. गाडी मात्र महिनाभर बाहेरच उभी करा. चुन्याला आपण वर्षे देत होतो. सिमेंटला महिना देता येऊ नये?

जेथे सळई घालावीच लागते, म्हणजे घराच्या छताला, गटारावरच्या झाकणाला, पाण्याच्या टाकीला, तेथे सळईच्या बाहेर ४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच, काँक्रीटचे आवरण राहील असे पाहा. सळईखाली दगडाचा तुकडा नव्हे, काँक्रीटचे ठोकळे ठेवा. सळई बाहेर डोकावली की समजा, मिठाला दार उघडे राहिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मी तुम्हांला मुद्दाम सांगतो. अंगणाची लादी फुटली तर पैसे जातात. शाळेच्या छताचा पोपडा पडला तर तो मुलांच्या डोक्यावर पडतो. वर्गाच्या छतावर सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग आणि तिच्याकडेला तांबूस डाग दिसला, तर तो नुसता ओलीचा डाग समजून त्याला चुना फासू नका. आत गंज फुगतो आहे, हे त्याचे सांगणे आहे. त्याच दिवशी मुलांना तेथून उठवा आणि लेखी कळवा. मुलांना हे समजावून द्यायला प्रयोगशाळाही लागत नाही. दोन चकचकीत खिळे घ्या. एक गोड्या पाण्याने भिजवलेल्या कापडात गुंडाळा, दुसरा मिठाच्या पाण्याने. आठवड्याने उघडा. मांडवीचा पूल का पडला ते पाचवीच्या मुलालाही कळेल.

शेवटी एक गोष्ट, जी इतिहासानेच शिकवली आहे. कुलाब्याच्या तटाने पाण्याला वाट ठेवली. आपणही ठेवली पाहिजे. सारे अंगण काँक्रीटने झाकले तर पावसाचे पाणी विहिरीला जायचे कोठून? किनाऱ्यावर गोडे पाणी खाली कमी झाले की खारे पाणी आत सरकते, हे वाडीवाले जाणतात. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले, ते सर्वांच्या ध्यानात आहे. म्हणून चाकांपुरते दोन पट्टे काँक्रीटचे करा, मध्ये हिरवळ किंवा खडी ठेवा, आणि तुळशीभोवतीची व आंब्याच्या आळ्याची माती उघडी राहू द्या. खर्च कमी होतो, आणि विहीरही जगते.

वसईचा तट बांधणाऱ्या गवंड्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. मोजमाप, स्वच्छ माल आणि धीर, एवढे त्यांच्याजवळ होते. तुमच्या वाटेचे काम काढाल त्या दिवशी गवंड्याच्या शेजारी पाण्याचे माप घेऊन स्वतः उभे राहा. कंत्राटात हे काम लिहिलेले नसते, आणि ते दुसऱ्यावर सोपवताही येत नाही.